तीन संत्री, एक किडनी

"ह्या बाईले संत्रं कोनं चारलं?"

सिस्टरांचा आवाज असा, की अकोल्याच्या त्या हॉस्पिटलच्या छतावरची कबुतरं उडाली ती थेट बाळापूरला जाऊन बसली. त्यांच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता. समोर खाटेवर माझी बायको शकू, आणि शेजारी मी. माझ्या शर्टाच्या खिशात संत्र्याची सालं. संत्र्याच्या सालीत एक मोठा दुर्गुण आहे, ती लपत नाही.

"बोला नं! उपाशी आना म्हनलं होतं का नव्हतं? पोटॅशियम सहा पॉइंट नऊ हाये! आता मॅडम ऑपरेशन करतीन कसं?"

दारापाशी बाकड्यावर पस्तिशीचा एक माणूस बसला होता, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. तो माझ्या खिशाकडे बघत राहिला. शकूचं जमलं नाही, तर किडनी त्याला मिळणार होती.

हा प्रवास तुम्हाला कधी करावा न लागो. पण आम्ही केला, तो कसा केला ते सांगतो.

शेंदूरजनाघाट, सकाळी पावणेसहा

माझी संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. आंबट जंबेरी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा धरला तर झाड, नाही धरला तर काडी. असे दिवसाला हजार डोळे मी बांधतो. शकू म्हणते, शंभर. शकू माझ्या प्रत्येक आकड्याला दहानं भागते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तिचा भागाकार एकदाही चुकला नाही, हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही एवढंच.

तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दिवसाला मोजून एक लिटर पाणी, आणि संत्रं बंद. संत्र्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. शकूच्या अंगात ते साचत जातं, आणि फार साचलं तर काळीज चालता चालता थांबतं. दाराशी संत्री, परसात संत्री, अंथरुणाला संत्र्याच्या फुलांचा वास, आणि बाईला तीन वर्षांत एक फोड नाही. वाळवंटातल्या माणसाची तहान मला समजू शकते. विहिरीत राहणाऱ्याची तहान कशी असते ते मी घरी बघितलं.

पावणेसहाला फोन वाजला. अकोल्याच्या किडनीच्या मॅडम. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे शिव्या देतानाही 'कृपया' म्हणतात.

"दामोदरकाका, एक किडनी मिळतेय. डोनर वयस्कर आहेत, सदुसष्ट वर्षांचे, रक्तदाब होता. किडनी जराशी दमलेली आहे. नव्या उपचाराच्या ज्या चाचणीसाठी तुम्ही सही केली होती, त्यात ती घेतोय. अकरापर्यंत पोचा. आणखी एका पेशंटला राखीव म्हणून बोलावलंय. आणि कृपया, शकुंतलाबाईंना काहीही खायला देऊ नका."

पहिली चार वाक्यं मी कानानं ऐकली. पाचव्या वाक्याला मी अंगणात नाचत होतो.

गाडीचा प्रश्न आला. माझ्या पिकअपमध्ये आदल्या संध्याकाळीच दोनशे कलमं भरलेली होती, अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाची. उतरवायची तर अर्धा तास जाणार.

"राहू द्या," शकू म्हणाली. "झाडं काय बोलतीन थोडे."

तर असं आम्ही किडनी बसवायला निघालो, मागं दोनशे झाडं डोलत. वरूडच्या चौकात एक ओळखीचा अडत्या ओरडला, "दामूभाऊ, कुठं लावून राहिले बाग?" मी म्हटलं, "अकोल्यात! बायकोच्या पोटात!" त्याला आजही वाटतं, मी फेकत होतो.

मोर्शीच्या अलीकडे

आंबिया बहाराची फळं तोडायचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते संत्र्यांचे असतात, माणसांनी फक्त परवानगी घेऊन चालायचं. मोर्शी पाच-सात किलोमीटरवर असताना संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा झालेला. ट्रॉली कलंडलेली, डांबर दिसेना. माझ्या मते लाखभर संत्री होती, दहानं भागा.

इकडून ट्रक, तिकडून ट्रक. मी खाली उतरून एवढा ओरडलो, की मेळघाटात सेमाडोहच्या वाघानं कूस बदलली असेल. "अरे बाजूले घ्या! माह्या बायकोची किडनी चालली!" लोकांना वाटलं, किडनी घेऊन पळणारी टोळी आली. दोघंजण मोबाइल काढून माझाच फोटो घेऊ लागले.

शेवटी मीच फावडं घेतलं. इतर पंधरा-वीसजण लागले. ट्रॅक्टरवाला रडकुंडीला आलेला, म्हणाला, "भाऊ, जे फुटलं ते तर गेलंच, चांगलं असन ते खाऊन घ्या, पन वाट करा." वीस मिनिटांनी घामाघूम होऊन मी गाडीत चढलो, तर शकूच्या ओच्यात तीन संत्री.

तिनं ती सोलली नव्हती. नुसती हातात घेऊन बसली होती.

"अवो," ती म्हणाली, "आज तं नवी किडनी भेटून राहिली ना?"

"हाव."

"मंग जुन्या किडनीचा नियम आज कावून पाळाचा?"

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कसं नाही कळलं. शहरातल्या माणसाला कळलं असतं. पण आमच्याकडे मोठ्या कामाला निघताना दही-साखर नाही देत. हंगाम असेल तर संत्र्याची फोड देतात. मुलगा परीक्षेला निघाला, फोड. मुलगी सासरी निघाली, फोड. माझ्या बापानं बैल विकायला काढला तेव्हा बैलाला फोड दिली होती. आणि ही बाई, तीन वर्षं उपाशी नजरेची, एवढ्या मोठ्या कामाला निघालेली. तिन्ही मीच सोलली. पहिली फोड मी माझ्या हातानं तिच्या तोंडात घातली. बाकीची तिनं स्वतः खाल्ली, बियासुद्धा न थुंकता, खिडकीतून बाहेर बघत. पावणेआठ वाजले होते.

सालं मी खिशात ठेवली. रस्त्यावर टाकली तर अपशकुन नको.

अमरावती

अमरावतीत शिरलो आणि सगळं थांबलेलं. चौकात पोलीस हात आडवा करून उभा. मी गाडीतून अर्धा बाहेर. "साहेब, जाऊ द्या! अकोल्याले किडनी बसवाची हाये!"

"थांबा ना बे," तो म्हणाला. "त्याच्याचसाठी थांबवलं."

तेवढ्यात भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स समोरून गेली, बडनेऱ्याच्या दिशेनं. एका दमात. मागं मोटरसायकलवर दोन पोलीस.

शकू पुढं वाकली. "माही असन का?"

मी हसलो, आणि लगेच थांबलो. त्या गाडीत किडनी देणारा अमरावतीकडचा म्हातारा माणूस नव्हता, फक्त त्याच्यातला मूठभर भाग होता. त्याच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल ते आम्हा दोघांच्याही मनात आलं. मी अमरावतीत येऊन गिला वडा न खाता गेलो, असं आयुष्यात एकदाच घडलं.

गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, कलमं उद्या. तो म्हणाला, आजच हवी होती. मी फोन ठेवला. मूर्तिजापूर कधी गेलं, कळलं नाही. मी पिकअप विमानासारखी चालवली. मागं कलमांची पानं वाऱ्यानं सोलून निघत होती.

अकोला

अकोल्याचं ऊन हिवाळ्यातही रजेवर जात नाही. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याआधी संत्रं सोलून हातावर ठेवतात. अकोल्यात आधी पाणी देतात, आणि ते पोटात जायच्या आत विचारतात, कोणाकडे आले, कावून आले, किती दिवस राहता. हॉस्पिटलमध्येही तेच. वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सर्वांना माझ्या बायकोची फाइल तोंडपाठ झाली. मग रक्त घेतलं, अर्ध्या तासानं सिस्टर आल्या आणि ओरडल्या. ते तुम्ही ऐकलंच आहे.

ओरडणं ऐकून मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"काका, किती खाल्लं आणि कधी? पोटात जे आहे ते अजून रक्तात येणार. मला नेमका आकडा हवा."

माझी जीभ आयुष्यभर वर चढत आलेली. त्या दिवशी ती खाली घसरली.

"एक," मी म्हटलं. "एक पन नाही. फोड होती."

मॅडमनी शकूकडे बघितलं. बाकड्यावरचा माणूसही बघत होता.

"तीन," शकू म्हणाली. "मोठे होते. पावणेआठ वाजता, मोर्शीच्या अलीकडं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा कमी करून सांगितला, आणि पहिल्यांदाच तिनं माझा आकडा वाढवला. मी तिच्या कानाशी दात खाऊन म्हटलं, "कावून सांगितलं?"

"खोटं सांगून टेबलावर मेली तं तुमीच रडान. मंग ते बी दहापट."

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. पूर्वी किडनी बर्फाच्या पेटीत ठेवत. बर्फात ती हळूहळू मरतच असते, म्हणून जो पेशंट त्या क्षणी तयार, त्याला बसवायची. तसं असतं, तर ती अकराच वाजता बाकड्यावरच्या माणसाची झाली असती. पण ही किडनी बर्फातून काढून एका यंत्राला जोडली होती. यंत्र तिच्यातून कोमट रक्तासारखं पाणी फिरवतं, आणि ती बिचारी समजते आपण अजून माणसातच आहोत. त्या पाण्यात त्यांनी मूळपेशी सोडल्या होत्या, स्टेम सेल. कुठल्यातरी बाळंतिणीनं दान केलेल्या नाळेतून काढून वाढवलेल्या.

"त्याची नवी किडनी बनते काय?" मी विचारलं.

"नाही. त्या पेशी किडनी होत नाहीत. आतली सूज उतरवतात, दुखावलेल्या भागाला दुरुस्तीचे निरोप देतात. निदान आमचा तसा अंदाज आहे."

"म्हंजे नक्की नाही?"

"नक्की असतं तर चाचणी कशाला केली असती, काका?" मग त्या शकूकडे वळल्या. "यंत्रावर हे सहा तास चालणार, पाचपर्यंत. तेवढ्यात तुमचं डायलिसिस करते. चार वाजता पुन्हा रक्त. पोटॅशियम साडेपाचच्या खाली आलं तर तुम्ही. नाही आलं, तर गजाननभाऊ."

त्या माणसाचं नाव गजानन, ते असं कळलं.

बाकडं

साडेबाराला शकूला डायलिसिसला नेलं. मी खाली उतरून चार कचोऱ्या खाल्ल्या, तळलेल्या मिरच्यांसकट, आणि एकीचीही चव लागली नाही. वर आलो तर गजानन तिथंच. बसायला तेवढं एकच बाकडं. बसलो त्याच्या शेजारी.

तो पातूरकडचा. शेवंती आणि झेंडू लावतो, हार करणाऱ्यांना देतो. बोलायला कंजूस. मी त्याला माझ्या नर्सरीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या: माझं कलम नाशिकला नेलं तर शेजारच्या द्राक्षाच्या वेलाला संत्री लागली, माझ्या संत्र्याची बी चावून एका वाघाचा दात पडला. माणूस गप्प बसला की माझं तोंड आपोआप चालू होतं, आणि त्या दिवशी तर मला गप्प बसायचीच भीती वाटत होती.

"कितवी खेप?" शेवटी मी विचारलं.

"तिसरी."

"दोनदा काय झालं?"

"पयला नंबरवाला तयार होता."

मी घड्याळ बघितलं. दीड.

थोड्या वेळानं तो उठला आणि खाली गेला. मला वाटलं, घरी चालला. खिडकीतून बघितलं, तर माझ्या पिकअपपाशी उभा. कलमांची पानं उन्हात मान टाकून बसली होती, मला सकाळपासून भानच नव्हतं. गजाननानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि एकेका कलमाच्या मातीच्या पिशवीत घोट घोट ओतू लागला. मी धावत खाली गेलो.

"अरे, हे तुह्यं प्याचं पानी हाये ना?"

"आज उपाशी रायाचं हाये मले. मंग हे काय करू?" तो वर न बघता म्हणाला. "सकाळपासून पाह्यतो. झाडं मरतीन नं."

डायलिसिसवाल्या माणसाचं पाणी मी तीन वर्षं मोजलेलं आहे. घोट कितीचा, बर्फाचा खडा कितीचा. मी वॉचमनकडून बादली आणली. आम्ही दोघांनी मिळून दोनशे कलमांना पाणी दिलं. त्यानं बोटानं एका कलमाची पट्टी चाचपली.

"डोळा धरला हे कवा कळते?"

"तीन आठवड्यात. हिरवा राह्यला तं धरला."

"अन् फळ?"

"पाच वर्षं."

त्यानं मान हलवली, जणू मी बसची वेळ सांगितली.

तीन वाजता मॅडम वर दिसल्या. मी त्यांना गाठलं. त्यांनी मोबाइलवर दाखवलं: काचेचं झाकण, आत ती. मला वाटलं होतं मोठी असेल. तळहातात मावेल एवढीच. सकाळच्या फोटोत डागाळलेली, राखाडी. आताच्यात गुलाबी. आणि तिच्या नळीतून थेंब पडत होते. एक. थांबून दुसरा. कोणाच्याही पोटात नसलेली किडनी लघवी करत होती! मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण ही माझ्या डोक्यातून निघाली नसती. मी तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. गजाननही माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"चांगली दिसते," तो म्हणाला. कोणासाठी चांगली, ते दोघांनीही विचारलं नाही.

चार वाजता शकूचं रक्त घेतलं. रिपोर्टला वीस मिनिटं लागणार. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते खरं सांगतो, यात वाढवलेलं काही नाही. मी देवाला म्हटलं, साडेपाचच्या खाली येऊ दे. मग शेजारी बघितलं. तोही डोळे मिटून बसला होता, आणि तो काय मागत असेल हे मला माहीत होतं. दोघांचं मागणं एकाच टेबलावर जाऊन पडलेलं. मी मध्येच देवाशी बोलणं थांबवलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू केलं.

सिस्टर आल्या. या वेळी ओरडल्या नाहीत.

"पाच पॉइंट दोन."

मी उभा राहिलो. गजाननानं पिशवीत रिकामी बाटली ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि उठला.

"वैनीले सांगा, संत्रं खाऊ नका म्हना," तो म्हणाला आणि जिन्यानं खाली गेला. लिफ्ट समोरच होती.

परत

संध्याकाळी सव्वापाचला शकूला आत नेलं. किडनी जोडली, रक्त सोडलं, आणि मॅडमच्या शब्दांत सांगायचं तर, "टेबलावरच काम सुरू केलं तिनं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "हे मूळपेशींमुळेच झालं असं गावात सांगू नका, काका. एका पेशंटवरून काही ठरत नाही. अजून पुष्कळ बघायचंय." मी मान डोलावली. गावात काय सांगायचं ते तोपर्यंत माझं ठरलं होतं.

पंधरा दिवसांनी निघालो. शकूच्या तोंडाला मास्क, बाहेरचं खाणं बंद. अमरावतीत मी तिच्यासमोर गिला वडा खाल्ला आणि तिनं तो डोळ्यांनी खाल्ला. बडनेऱ्याच्या पुलावर आल्यापासून तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती न मोजता पीत होती. घोट, आणखी घोट.

दोनशे कलमांपैकी एकशे नव्वद जगली. हा आकडा शकूनं मोजलेला आहे, त्यामुळे भागू नका. अमरावतीच्या गिऱ्हाइकाला मी दुसरी दिली. ही वेगळी ठेवली.

महिन्याभरानं मी हॉस्पिटलमध्ये त्यानं दिलेल्या नंबरवर गजाननाला फोन लावला. लावला आणि सुटलो. शकूची किडनी अशी चालते, की वर्धा नदीला पूर यायचा. संत्री खाते, मॅडमनी मोजून दिलेली. तुझं पाणी प्यालेली कलमं तरारून उठली. सगळ्यांचा डोळा हिरवा आहे. तीच मी पिकअपमध्ये भरून घेऊन येतो, तुझ्या शेवंतीच्या बाजूला बाग लावू, खड्डे मी खोदतो, पाच वर्षांनी पहिलं फळ तू तोडायचंस, आणि देवाची शपथ गजाननभाऊ, त्या दिवशी तुझं दुःख बघून माझं काळीज...

"आना," तो मधेच म्हणाला. "मंगळवार-शुक्रवार सोडून आना. त्या दिवशी माह्यं डायलिसिस रायते."